दक्षिणेकडचा दिवा

आमच्या घरी धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला कणकेचा एक दिवा लावतात. बाकीच्या पणत्या कशाही ठेवल्या तरी चालतात. या दिव्याची वात मात्र दक्षिणेकडेच हवी. लहानपणी आई हा दिवा परसदारी ठेवी आणि आम्हा तिघा भावंडांना हात जोडायला लावी. एरवी दक्षिणेकडे पाय करून कुणी झोपले तरी अंगावर ओरडणारी आई त्या एका संध्याकाळी आपण होऊन त्या दिशेला नमस्कार करायला सांगते, याचे मला मोठे नवल वाटे. एकदा न राहवून मी विचारले, "हा कुणाचा गं दिवा?"

"यमाचा," ती म्हणाली. "त्याला सांगायचं, बाबा रे, आमच्या घरी भलत्या वेळी येऊ नकोस."

'भलत्या वेळी' हा तिचा शब्द मी कधी विसरलो नाही. 'येऊच नकोस' असे ती म्हणाली नव्हती. तेवढे मागणे रीतीला धरून नाही, हे चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईला कळत होते. पाहुणा यायचाच आहे. त्याने वेळ पाळावी, एवढेच तिचे म्हणणे.

दिवाळी अंकात मरणाचा विषय काढल्याबद्दल काही वाचक माझ्यावर रागावतील. फराळाचे ताट पुढे ओढून, पाय पसरून ज्याने अंक उघडला, त्याला हे काय वाचायला द्यावयाचे? परंतु थोडा विचार केला, तर दिवाळीइतका हा विषय दुसऱ्या कोणत्याच सणाला शोभणार नाही असे दिसेल. धनत्रयोदशीला यमाला दिवा, नरकचतुर्दशीला अभ्यंगानंतर यमाला तर्पण, आणि भाऊबीज म्हणजे तर यमद्वितीयाच. त्या दिवशी यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला गेला म्हणतात. एका सणात तीन वेळा ज्याची आठवण काढावयाची, त्याच्याविषयी चार शब्द बोलण्याचा एवढा संकोच का वाटावा?

आईच्या पिढीला भलती वेळ एकच ठाऊक होती. ती म्हणजे लवकरची. प्लेग, पटकी, देवी, बाळंतपण, विहिरीकाठचा साप. माणूस हातातले काम टाकून उठून जाई. भलती वेळ उशिराचीही असू शकते, जायची घटका होऊन गेल्यावरही माणसाला दारातच अडवून धरता येते, हे तिच्या स्वप्नातही आले नसते. हा शोध आपल्या काळाचा आहे, आणि मला तो २०१६ सालच्या भाद्रपदात लागला.

दादा, माझा थोरला भाऊ, त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलेला, सकाळी सहाला फिरायला जाणारा, काटकुळा आणि हट्टी माणूस. एके दिवशी स्नान करून येताना कोसळला. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. जवळच्या शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात त्याला हलवले आणि त्याच रात्री व्हेंटिलेटरवर ठेवले. तसे ठेवू नका, असे आमच्यापैकी कुणी म्हणाले नाही. म्हणावयाचे कारणही नव्हते. पहिल्या दिवशी यंत्र हे आशेचेच असते.

आठव्या दिवशी तिथल्या तरुण डॉक्टरने माझा पुतण्या मिलिंद आणि मी, अशा दोघांना बाजूला घेतले. मेंदू पुन्हा काम करील असे वाटत नाही, तो म्हणाला. मग आता काय करावे, असे आम्ही विचारले. तो खाली पाहू लागला. "ते तुम्ही ठरवायचं," तो म्हणाला, "पण यंत्र आम्हांला काढता येणार नाही."

हे बोलणे त्या वेळी मला निर्दय वाटले. आज तसे वाटत नाही. त्या तरुणाच्या पाठीशी कायदा धडपणे उभा नव्हता. असे यंत्र काढावयाचे तर उच्च न्यायालयाची परवानगी लागे, आणि भाऊ कोमात असताना न्यायालयात अर्ज घेऊन जाणारे घर मी तरी पाहिलेले नाही. म्हणून जे सगळीकडे चाले तेच तिथेही चाले. कुणी स्पष्ट बोलत नसे. दिवस जात. बिल वाढे. शेवटी घरचेच कुणी तरी कंटाळून, थकून किंवा पैसे संपून एका छापील कागदावर सही करी, की डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध आम्ही आमच्या जबाबदारीवर रोग्याला घरी नेत आहोत.

मिलिंद बाराव्या दिवशीच त्या कागदाला तयार झाला होता. नको म्हणालो तो मी. "आणखी दोन दिवस पाहू," मी म्हणालो. दोन दिवसांनी पुन्हा म्हणालो, "आणखी दोनच." दादाला काही होईल अशी आशा मला होती काय? खरे सांगावयाचे तर नव्हती. परंतु तो आहे, त्या काचेपलीकडे आहे, तोवर मी कुणाचा तरी धाकटा भाऊ होतो. ते धाकटेपण सुटत नव्हते. माझ्या त्या हट्टापायी दादाचे दोन्ही हात पलंगाला बांधलेले राहिले, अंग सुजले, पाठीला जखमा झाल्या. एकोणिसाव्या दिवशी रात्री मिलिंदने सही केली. अँब्युलन्समधून आम्ही त्याला घरी आणले आणि उजाडण्यापूर्वी तो गेला.

तेराव्याला वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा, आपणच घालवलं का हो त्यांना?" मी 'नाही' म्हणालो. मिलिंद तिथेच उभा होता. त्याला वाटले असावे की माझे ते 'नाही' त्याच्या सहीसाठी नव्हते. त्यानंतर आठ-नऊ वर्षे तो माझ्याशी सणासुदीला नीट बोलतो, वाकून नमस्कार करतो. पण त्या एकोणीस दिवसांविषयी आम्हा दोघांत एक अक्षर निघालेले नव्हते.

हे घरचे दुखणे इथे मांडण्याचे कारण इतकेच, की 'मरणाचा हक्क' हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे न्यायालये, घटना, कलमे अशी मोठी नावे येतात. आणि प्रश्न असतो तो इस्पितळाच्या जिन्याखाली उभ्या असलेल्या दोन माणसांचा. एकाच्या हातात कागद असतो आणि दुसरा म्हणत असतो, आणखी दोन दिवस.

या प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास जिच्याभोवती घडला, ती बाई मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळातली परिचारिका होती. अरुणा शानबाग तिचे नाव. उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची ही मुलगी पंचवीस वर्षांची होती. तिचे लग्न ठरले होते. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी इस्पितळातल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर पाशवी हल्ला केला. गळ्याभोवती आवळलेल्या साखळीने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, आणि त्या दिवसापासून १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, ती त्याच इस्पितळात एका खोलीत पडून राहिली. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरीची आणि खुनाच्या प्रयत्नाची. सात वर्षांनी तो सुटूनही गेला. तिची सुटका मात्र कुणी लिहिलेली नव्हती.

२००९ साली लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की हिला आता अन्न भरवणे थांबवावे आणि शांतपणे जाऊ द्यावे. या अर्जामागे करुणा होती. त्याला विरोध केला तो त्याच इस्पितळातल्या परिचारिकांनी. आणि त्या विरोधामागेही करुणाच होती. पहिल्या पिढीतल्या परिचारिका निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी आलेल्या नव्या मुलींनी अरुणेला हिंडताना-बोलताना कधी पाहिलेही नव्हते, तरी त्या तिला न्हाऊ घालीत, कूस बदलीत, घास भरवीत. इतक्या वर्षांत तिच्या अंगाला पडून राहिल्याच्या जखमा होऊ दिल्या नाहीत. माझ्या दादाची पाठ एकोणीस दिवसांत सोलली होती. म्हणून या गोष्टीचे मोल मला फार वाटते.

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. अरुणेपुरता अर्ज नामंजूर झाला. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा, तर तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या बाईंचा नव्हे, तिला रोज भरवणाऱ्यांचा, असे न्यायालयाने मानले. परंतु त्याच निकालाने एक दार किलकिले केले. बरे होण्याची आशाच उरली नसेल, तर जगवून ठेवणारे उपचार थांबवता येतील. मात्र प्रत्येक वेळी उच्च न्यायालयाची परवानगी हवी. आमच्या दादाला जो कायदा आडवा आला तो हाच.

त्याआधीचा रस्ताही वाकडातिकडाच होता. १९८१ साली मिनू मसानी यांनी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली, तेव्हा पुष्कळांना तो एका म्हाताऱ्या राजकारण्याचा छंद वाटला. १९८६ साली, मनोविकाराने ग्रासलेल्या मुंबईतल्या एका पोलीस शिपायाने जीव देण्याचा प्रयत्न केला म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ते कलमच रद्द ठरवले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तेच म्हटले; १९९६ साली पाच न्यायमूर्तींनी ते फिरवले आणि सांगितले, की घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पुन्हा पाच न्यायमूर्तींनी निवाडा दिला, की जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरणेही येते, आणि शुद्धीवर असतानाच माणसाला आपली इच्छा लिहून ठेवता येईल. तिला 'लिव्हिंग विल' म्हणतात. आपण वैद्यकीय इच्छापत्र म्हणू.

या दोन गोष्टींत, जीव देणे आणि उपचार नाकारणे यांत, गल्लत होऊ नये म्हणून दोन शब्द लिहितो. जो दुःखाने, कर्जाने, आजाराने वेडापिसा होऊन जगाकडे पाठ फिरवतो, त्याला हात धरून मागे ओढणे हे आपले कर्तव्यच आहे. त्याला तुरुंग नको, माणूस हवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे मान्य केले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या दंडसंहितेत तो जुना सरसकट गुन्हा उरलेला नाही. परंतु ज्याला मरण आपण होऊनच न्यायला आले आहे, त्याने दार अडवणारे यंत्र नको म्हणणे, ही वेगळी गोष्ट आहे. पहिला यमाला भलत्या वेळी बोलावतो. दुसरा एवढेच म्हणतो, की आलेल्याला अंगणात ताटकळत ठेवू नका.

आपल्या परंपरेला ही दुसरी गोष्ट परकी नाही. विनोबांना नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा पवनारच्या आश्रमात त्यांनी अन्नपाणी आणि औषध नाकारले. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, ते गेले. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न-औषध सोडले आणि २६ तारखेला देह ठेवला. या दोघांचे आयुष्यात क्वचितच एकमत झाले असेल. शेवटच्या पायरीवर मात्र दोघांची पावले सारखी पडली. जैन समाजातल्या सल्लेखनेला २०१५ च्या ऑगस्टात राजस्थान उच्च न्यायालयाने गुन्हा ठरवले, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. जे व्रत म्हणून शतकानुशतके चालत आले, त्याला पोलिसाने हात घालावा काय, हा प्रश्न न्यायालयांनाही सोपा गेलेला नाही.

आणि 'इच्छामरण' हा शब्द ज्याच्यामुळे आपल्याला मिळाला, त्या भीष्माचे काय झाले? त्याच्यापाशी वर होता; हवे तेव्हा मरता येत होते. त्याने त्या वराचा उपयोग कशाला केला, तर थांबायला! उत्तरायणाची वाट पाहत तो शरपंजरी अठ्ठावन्न रात्री पडून राहिला आणि युधिष्ठिराला राजधर्म सांगत बसला. मरण्याचा हक्क दिला की माणसे घाईने मरू लागतील, असे ज्यांना भय वाटते, त्यांनी भीष्माकडे पाहावे. दाराची किल्ली आपल्या कनवटीला आहे, एवढे कळले की माणूस निवांतपणे बसतो. दार बाहेरून लावलेले असले म्हणजेच ते ठोठावण्याची इच्छा होते.

आता खरा अवघड प्रश्न. या सगळ्यात सरकारचे काम काय?

एक पक्ष म्हणतो, काहीच नाही. मरण ही घराची गोष्ट. तिथे सरकारने डोकावू नये. हे म्हणणे मला एके काळी पटत असे. पण घर म्हणजे काय, हेही आपण जाणतो. ज्या घरात दोन गुंठ्यांसाठी भाऊ भावाचे तोंड पाहत नाही, ज्या घरात म्हातारीच्या औषधाचा खर्च ऐकून सून सुस्कारा टाकते, त्याही घरालाच आपण घर म्हणतो. तिथली म्हातारी "आता मला सोडवा" म्हणाली, तर ती तिची इच्छा, की घरच्यांच्या सुस्काऱ्याचा प्रतिध्वनी? २०१७ च्या अखेरीस मुंबईतल्या एका निपुत्रिक वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून मरणाची परवानगी मागितली होती. दोघेही तसे धडधाकट होते. परंतु पुढे आपले कुणी करणारे नाही, समाजाला आपला उपयोग नाही, असे त्यांचे म्हणणे. त्या पत्राला कायद्याने 'नाही' म्हटले तरी प्रश्न सुटत नाही. त्या पत्रात मरण मागितले होते, की शेजार मागितला होता?

दुसरा पक्ष म्हणतो, सरकारने पुढे होऊन सारे हाती घ्यावे. याला उत्तर म्हणून इतिहासाचे एकच पान पुरे. जर्मनीत १ सप्टेंबर १९३९ ही तारीख घालून हिटलरने एका कागदावर सही केली, आणि ऑगस्ट १९४१ पर्यंत सुमारे ७०,००० मनोरुग्ण आणि अपंग माणसे सरकारी इस्पितळांतून वेचून मारण्यात आली. त्या योजनेला दिलेले नाव 'दयामरण' असेच होते. त्यांतल्या कुणालाही कुणी विचारले नव्हते. 'दया' हा शब्द सरकारच्या तोंडी आला की माणसाने आपली मान चाचपून पाहावी, हे त्या पानाने शिकवले आहे. माणसाने मागितल्यावर डॉक्टरने मरण देण्याची मुभा नेदरलँड्सने २००२ साली आणि कॅनडाने २०१६ साली दिली. तिथल्या विचारी माणसांनी ती कडक अटी घालून दिली. आपल्याकडे ती नाही, आणि जिथे गरिबाला साधा ताप परवडत नाही तिथे ती इतक्यात असू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ज्या देशात जगणे महाग आहे, तिथे मरण स्वस्त करून ठेवणे धोक्याचे.

सरकारचा जुलूम याच्या उलट दिशेनेही होऊ शकतो. अमेरिकेत टेरी शायवो नावाची स्त्री १९९० साली कोसळली आणि पंधरा वर्षे बेशुद्धावस्थेत नळीने अन्न घेत पडून राहिली. नवरा म्हणे, तिला असे जगायचे नव्हते. आईबाप म्हणत, ती आमच्याकडे पाहून हसते. न्यायालयांनी नवऱ्याचे ऐकले आणि १८ मार्च २००५ रोजी नळी काढली. तेव्हा त्या बलाढ्य देशाच्या संसदेने त्या एका बाईसाठी रात्री बैठक भरवून कायदा केला, आणि सुटीवर गेलेले राष्ट्राध्यक्ष राजधानीत परत येऊन मध्यरात्रीनंतर त्यावर सही करते झाले. न्यायालये तरीही बधली नाहीत. ३१ मार्चला ती गेली. शवचिकित्सेत तिच्या मेंदूचे वजन निम्म्यावर आलेले आढळले. त्या पंधरवड्यात तिच्या खिडकीबाहेर घोषणा चालल्या होत्या, कॅमेरे होते. एका मरणाचा सार्वजनिक तमाशा झाला. आणि त्या तमाशात जिची चिंता सर्वांना होती, तिची इच्छा तिने कुठे लिहून ठेवलेली नव्हती.

तेव्हा मला वाटते, सरकारची जागा उंबरठ्यावर आहे. आत येऊन पलंगाशी बसू नये, आणि पाठ फिरवून निघूनही जाऊ नये. आतला माणूस खरोखरच आपण होऊन बोलतो आहे ना, त्याचे तोंड कुणी दाबलेले नाही ना, डॉक्टरला भिऊन खोटे बोलावे लागत नाही ना, एवढे पाहावे आणि बाजूला व्हावे. आपला कायदा चाचपडत का होईना, त्या उंबरठ्याकडेच येतो आहे. २०१८ साली इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे, आणि पुढे जिल्हाधिकाऱ्याने वैद्यकीय मंडळ नेमावे लागे. मरणारा माणूस फायलीमागे धावू शकत नाही, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ते सुटसुटीत केले. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. इस्पितळाने तज्ज्ञ डॉक्टरांची दोन मंडळे नेमावयाची, त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावयाचे. दंडाधिकाऱ्याला फक्त कळवावयाचे. मते जुळली नाहीत तर उच्च न्यायालय आहेच. ही पत्रे जपून ठेवणारा अधिकारी कोण, हे बराच काळ कुणालाच माहीत नव्हते. मुंबईच्या एका डॉक्टरांनी त्यासाठी न्यायालयात याचिका केली, आणि २०२४ साली महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांतून असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचेच इच्छापत्र नोंदवून घेतले. न्यायाधीशाने आपल्या मरणाची गोष्ट चारचौघांत बोलावी, यात मला मोठा दिलासा वाटला.

पण उंबरठ्यावरच्या राखणदाराचे आणखी एक काम आहे आणि ते सर्वांत आधीचे आहे. वेदनेने कळवळणाऱ्याला 'तुला मरावयाचे आहे काय?' असे विचारण्यापूर्वी त्याची वेदना थांबवली पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने चोरांना आळा घालताना कॅन्सरच्या रोग्याचे मॉर्फीनही दुर्मीळ करून टाकले. ती चूक काहीशी सुधारायला २०१४ साल उजाडले. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून असाध्य रोग्यांची सेवा करते आहे. केरळात १९९३ साली कोझिकोडेला सुरू झालेल्या कामातून गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, आणि २००८ साली तिथल्या सरकारने त्याला आपले धोरणच केले. खेड्यातली साधी माणसे शेजारच्या मरणाऱ्याच्या घरी जाऊन बसतात, जखम धुतात, गोळी देतात. माझी खात्री आहे, की मरण मागणाऱ्यांतले पुष्कळ जण एवढे मिळाले तर भीष्मासारखे थांबतील. आणि जे तरीही 'पुरे' म्हणतील, त्यांचे ते 'पुरे' आपण निःशंक मनाने मानू शकू.

असो. कायद्याचे पुराण पुष्कळ झाले. गेल्या वर्षी पंचाहत्तरी झाल्यावर मी माझे इच्छापत्र लिहावयाला घेतले. वाटले होते, अर्ध्या तासाचे काम. व्हेंटिलेटर नको, लिहिले. बंद पडलेले हृदय दाबून चालू करू नये, लिहिले. वेदनेवर औषध भरपूर द्यावे, हे ठळक लिहिले. शुद्ध गेल्यावर माझ्या वतीने कुणी बोलावे, या ओळीपाशी मात्र लेखणी अडली. दोन नावे लिहावयाची होती. एक मुलीचे लिहिले. दुसरे कोणते लिहावे हे मला ठाऊक होते, आणि म्हणूनच ते लिहिण्यापूर्वी त्याला विचारणे भाग होते.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी मिलिंदकडे गेलो. वहिनींनी कणकेचा दिवा नुकताच लावला होता. मी कागद त्याच्या हाती दिला. त्याने चष्मा लावून तो सावकाश वाचला. मी म्हणालो, "तुझ्यावर ओझं टाकायला आणला नाही रे. तुला त्या रात्री जी सही करावी लागली, ती पुन्हा कुणाला करावी लागू नये म्हणून माझी मीच करतो आहे. तू फक्त सांगायचंस, की काकांनी असं लिहिलं आहे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, तुम्ही दोन दिवस थांबा म्हणायचात ना, तेव्हा मला तुमचा संताप यायचा. आणि बरंही वाटायचं. आजची सही उद्यावर गेली म्हणून." त्याने कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला, शिक्षकाचाच मुलगा तो. "यात एक राहिलं आहे. नळीनं अन्न द्यायचं की नाही, ते कुठे लिहिलेलं नाही."

खरेच, लिहिलेले नव्हते. विसरलो म्हणून नव्हे; मला ते ठरवता आले नव्हते. यंत्राला नाही म्हणणे सोपे आहे. अन्नाला नाही म्हणावयाला हात धजत नाही. आपल्याकडे घास हे औषध नव्हे. मला वाटते, अरुणेच्या परिचारिका न्यायालयात भांडल्या त्या याच एका गोष्टीसाठी. त्यांच्या दृष्टीने ते जीवन लांबवणे नव्हते, जेवू घालणे होते. ती ओळ तशीच कोरी ठेवून मी घरी आलो.

भाऊबीजेला अक्काकडे गेलो. ऐंशी वर्षांची आहे. अजून माझ्यासाठी स्वतः अनारसे तळते. ओवाळून झाल्यावर तिला मी सगळे सांगितले. तिला असले बोलणे आवडणार नाही असे वाटले होते. पण आमच्या आईची लेक ती. थोडा विचार करून म्हणाली, "अरे, त्यात काय अवघड आहे? तुला गिळता येईल तोवर भरवायचं. पेजेचा चमचा का असेना, कुणी तरी शेजारी बसून भरवायचा. गिळता येईनासं झालं, की ओठाला पाणी लावायचं. आईला आपण तेच केलं की."

मी खिशातून कागद काढला आणि तिच्यासमोरच ती ओळ लिहिली, जवळजवळ तिच्याच शब्दांत. नोटरीला ती कितपत रुचेल, पाहू. खाली साक्षीदारांच्या दोन जागा होत्या. मिलिंदचे नाव वर आल्यामुळे त्याची सही तिथे नको होती. अक्काने चष्मा मागितला. "मी नाही करत साक्षीबिक्षी," ती म्हणाली, "पण वाचून दाखव बघू एकदा, सगळं. काही चुकलं तर आत्ताच दुरुस्त करता येईल."